गळ्यात माळ आहे, पण खिचडीच्या वेळेला देव आठवत नाही. अंगणवाडी-बालवाडीतल्यांना विचारते

तुळसमाळ_माळशिरस

राम कृष्ण हरी.

मी अंगणवाडी सेविका आहे. माळशिरस तालुक्यात, पालखी मार्गापासून जरा आत आमचं गाव. घर वारकऱ्यांचं. सासरे दरवर्षी चालत जातात, माझ्याही गळ्यात माळ आहे, आणि संध्याकाळी भाकरी टाकून झाल्या की मी देवळात हरिपाठाला बसते. इथं बरेच शिक्षक, सेविका, बालवाडीच्या ताया आहेत म्हणून विचारते. दिवसभर पोरांत जे चालतं आणि संध्याकाळी टाळ वाजवत जे म्हणते, त्याचा एकमेकांशी काही मेळ तुम्हाला लागतो का? मला लागत नाहीये.

गावात सप्ता झाला. कीर्तनकार महाराज म्हणाले, मुलं म्हणजे देवाघरची फुलं, त्यांच्यात राहणाऱ्याला वेगळं देऊळ कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघीतिघींनी वळून माझ्याकडं बघितलं. माझी मान काही डोलली नाही. महाराजांनी एकदा खिचडीच्या वेळेला यावं. एक फूल दुसऱ्या फुलाच्या ताटात थुंकतं. दुसरं दारात उभं राहून "आयेऽऽ" म्हणून असा सूर लावतं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहते. तिसऱ्यानं चड्डीत केलेलं असतं आणि मदतनीस ताई नेमकी पाणी आणायला गेलेली असते. त्यातच पोषण ट्रॅकरवर, म्हणजे मोबाईलवरच्या सरकारी ॲपवर, हजेरी टाकायची. रेंज फक्त हातपंपाजवळ येते. पंपाजवळ गेलं की आत रडारड.

आषाढी जवळ आली की आम्ही बालदिंडी काढतो, फोटो वर पाठवायचे असतात. यंदा विठ्ठल केलेल्या पोराला कमरेवर हात ठेवून पाटावर उभं केलं. फोटो निघायच्या आत विठ्ठल म्हणाला, "ताई, शू." रुक्मिणी तोवर कपाळाचं कुंकू पुसून बोट चाटत होती. हे सांगताना मला हसू येतंय आणि पोरांत माझा जीव रमतो हेही खरं. पण जीव रमणं म्हणजे अध्यात्म नव्हे ना?

मला खुपतंय ते वेगळंच आहे. एक पोरगा होता. त्याला गणू म्हणू. अडीच वर्षांचा असताना दंडाला पट्टी लावली तर लाल, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण. आई दुसऱ्याच्या शेतात, बाप ट्रॅक्टरवर, घरी थकलेली आजी. ग्राम बाल विकास केंद्रात घेतला त्याला. पण तो गिळायचाच नाही. घास गालात धरून बसायचा. चमचा दिसला की तोंड बंद. मग मला एक दिवस कळलं की तो माझ्याकडं बघतच नाही, भिंतीवर रंगवलेल्या मोराकडं बघतो. मी घास मोराच्या चोचीला लावला, "मोर खातोय" म्हटलं, आणि ह्याचं तोंड आपोआप उघडलं. तेव्हापासून भिंतीचा तो कोपरा कायम तेलकट. आधी मोर, मग गणू, पुन्हा मोर. दाण्याचा कूट घातलेला भात, गूळ, अंडं, जे असेल ते. पट्टी पिवळी झाली, मग हिरवी झाली. मुख्यसेविका बाईंनी बैठकीत त्याचा आलेख सगळ्यांना दाखवला.

चार वर्षांचा झाला आणि जूनमध्ये त्याच्या आईबापानं त्याला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घातलं. बापानं स्वतःचा ट्रॅक्टर घेतलाय आता. रोज सकाळी पिवळी व्हॅन अंगणवाडीसमोरून जाते. गणू खिडकीत असतो. मी दारात असते. तो बघत नाही. त्याची आई बाजारात भेटली तर ती पण दुसरीकडं बघते.

"फळाची आशा धरू नये" हे मला पाठ आहे, मी दुसऱ्यांना सांगते सुद्धा. पण व्हॅन गेली की पोटात काहीतरी तुटतं. ह्यातून काही शिकायचं असतं, का हे नुसतं दुखणं आहे आणि त्याला आपण धडा-बिडा म्हणून नाव देतो? कुणी ह्यातनं गेलं असेल तर सांगा. "फुलं" वगैरे नको.

---

हिशेबी_माणूस

ताई, मी संघटनेत काम करतो, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला कोरडं वाटेल. तिसऱ्यानं चड्डीत केलं आणि मदतनीस पाण्याला गेली होती, ह्यात अध्यात्म नाही. ह्यात नळ नाही.

एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तेव्हापासून तुम्हाला "मानसेवी" म्हणत आलेत, म्हणजे पगार नाही, नुसतं मानधन. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेही बायका खालच्या कोर्टापासून भांडत वर गेल्या म्हणून. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तो जानेवारीपर्यंत चालला. थंडीत आझाद मैदानावर बसलेल्या बायांत माळकरी बाया होत्या, उपवास धरणाऱ्या होत्या, कुणाला त्यात विसंगती वाटली नाही.

सरकारी कागदावर लिहिलंय की 3 ते 6 वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिनं द्यायची. गालात धरलेला घास त्या कागदावर कुठेच नाही. तो घास पोटात घालायचं काम तुम्ही केलंत. ते कौशल्याचं काम आहे. त्याला साधना म्हटलं की त्याचे पैसे मागायची लाज वाटायला लागते, आणि वरच्यांना तेच हवं असतं. तुमच्या श्रद्धेला माझा विरोध नाही, माझी आईही वारीला जायची. पण महाराजांनी फुलं म्हटलं त्यापेक्षा सरपंचांनी नळ दिला असता तर मुलांचं जास्त भलं झालं असतं.

---

आक्का_भुदरगड

हिशेबी भाऊ, तुमचं सगळं बरोबर आहे, पण तिनं ते विचारलेलंच न्हाई. नळ आला तरी व्हॅन जाणारच आहे की.

बाई माझे, मी निवृत्त झाले. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची पोरं आता अंगणवाडीत आहेत. तुला दोन-तीन गोष्टी सांगते, त्यातली एक तुला आवडणार न्हाई.

आधी आवडणारी. तुला दोन वर्षांची असताना कुणी भरवलं, आठवतंय का? आई सोड. आत्या असंल, शेजारची म्हातारी असंल, ताप आल्यावर रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली कोण तरी असंल. न्हाई आठवत. माणसाला त्या वयातलं काही राहतच न्हाई डोक्यात. म्हणजे आपण सगळी अशा हातांवर वाढलो ज्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक न्हाईत, आणि त्यांना आपण कधी नमस्कार केला न्हाई. गणूनं तुला ओळखावं म्हणतेस, मग तू तुझ्या त्या बाईला ओळखलंस का? मला हे कळलं तेव्हा मी पोषण आहाराच्या टोपासमोर उभी होते आणि मला एकदम माझ्या गावाकडच्या एका परटीणीची आठवण झाली. ती मला घ्यायची असं आई सांगायची. तोंड काही केल्या आठवेना. ती कधीच वारली होती.

आता नावडती. गणू बघत न्हाई ह्याचं तुला दुःख आहे, पण ते वरवरचं. तुझं खरं दुखणं, त्याच्या आईनं गावात कुणाला सांगितलं न्हाई की ताईमुळं पोर तगलं. खरं का खोटं? आलेख बैठकीत दाखवला हे तू लिहिलंस. ते लिहायचं कारण काय होतं, तूच बघ. मी तुला हिणवत न्हाई गं. माझ्याकडं पण असा एक कप्पा होता, त्यात मी सगळी नावं ठेवलेली: ही मी वाचवली, हा मी बोलता केला. पोरं मोठी झाली, मोटारसायकलीवरनं धूळ उडवत गेली. तो कप्पा आपोआप रिकामा झाला, मी काही वैराग्य-बिराग्य आणलं न्हाई. हरिपाठानं जे झालं नसतं ते ह्या पोरांनी केलं, आणि त्यांना पत्ता पण न्हाई.

आणि तिसरी. तू म्हणतेस मेळ लागत न्हाई. चिऊ-काऊची गोष्ट किती वेळा सांगितली असशील? काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊ येतो, "चिऊताई चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." कंटाळून एक दिवस आंघोळ गाळ बघू, लगेच चार पोरं ओरडतात, आंघोळ राहिली! त्यांना गोष्टीचा शेवट ठाऊक असतो, तरी काऊ दारात आला की डोळे मोठे होतात. रोज. आपण हरिपाठ म्हणताना तिसऱ्या-चौथ्या अभंगाला उद्याच्या डाळीचा हिशेब करत असतो. मी तर करायचे. तेच ते ऐकताना पहिल्यांदा ऐकल्यासारखं कसं बसायचं, हे मला पोरांच्या तोंडाकडं बघून कळलं, देवळात न्हाई. मी मग गोष्ट सांगताना घाई करायची सोडली. तीट लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा लावते. करून बघ.

---

नाना_मास्तर

आक्का, तुमच्यापुढे काय बोलणार! तरी थोडं.

माझी बरीच नोकरी डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर झाली. तिकडे कोसबाडचं नाव निघाल्याशिवाय बालशिक्षणाची गोष्ट होत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली आदिवासींची मुलं बालवाडीत यायचीच नाहीत. का यावीत? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाकडे गुरं राखायचं काम. तेव्हा ह्या बायांनी मुलांना आळशी म्हटलं नाही, आईबापांना अडाणी म्हटलं नाही. पाड्यातल्या अंगणातच बालवाडी मांडली. मोठी मुलं गुरांमागे कुरणात जायची, तर शाळा कुरणात नेली. तिला नावच कुरणशाळा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1984 मध्ये पद्मश्री, पण मला नेहमी ते अंगणच जास्त मोठं वाटत आलंय.

ताई, तुम्ही माळकरी, म्हणून तुकोबांचं आठवून देतो. "अर्भकाचे साठी । पंते हाती धरिली पाटी." पंतांनी पाटी धरली ती स्वतःला अक्षरं येत नव्हती म्हणून नव्हे. पुढे म्हणतात, "बालकाचे चाली । माता जाणुनि पाऊल घाली." हे कीर्तनात ऐकायला गोड लागतं. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे: एका चपलेचा बंद लावायला पोरगं "मी मी" म्हणत बसतं, मागे रांग खोळंबलेली, पर्यवेक्षिका गाडीतून उतरतेय, आणि आपण हात मागे घेऊन उभं राहायचं. हात मागे घेणं मला फार अवघड गेलं. माझा स्वभाव पटकन काम उरकणाऱ्याचा. माझ्या मते तुमचा मोर हा त्याच अभंगाचा अर्थ आहे. तो जिथे बघत होता तिथे तुम्ही घास नेलात. "माझ्याकडे बघ, तोंड उघड" म्हणाला नाहीत.

मात्र एका गोष्टीत मी हिशेबी भाऊंच्या बाजूचा. मुलांना फूल म्हणणं मला पटत नाही. फूल चावत नाही, खोटं बोलत नाही, धाकट्याचं खेळणं लपवत नाही. मूल सगळं करतं. त्याला देव करून टाकलं की त्याचं खरं वागणं बघायची जबाबदारी टळते, आणि वर त्यानं देवासारखं वागलं नाही की आपल्याला राग येतो. दोन्हीकडून मुलाचंच नुकसान.

---

पिवळी_व्हॅन

हे नाव आत्ताच घेतलंय, गैरसमज नको. मी सेविका नाही. तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंय तशी आई आहे. गाव वेगळं, जिल्हा वेगळा.

माझी मुलगी आमच्या अंगणवाडीत होती. तिकडच्या ताईंनी तिला बोलतं केलं, हे मी कुणापाशीही कबूल करीन. मग आम्ही तिला इंग्लिश मीडियमला टाकलं, कारण जावेची दोन्ही तिकडं जातात आणि घरात रोज त्यावरून बोलणी व्हायची. फी भरताना माझ्या कानातलं गेलं. आता ताई दिसल्या की मी रस्ता बदलते. उपकार विसरले म्हणून नाही. त्या विचारतील, "काय गं, पोरगी कशी आहे?" आणि मला सांगावं लागेल की ती तिथं गप्प बसते, मॅडम काय बोलतात ते तिला कळत नाही, आणि मी तिला परत आणू शकत नाही. हे तोंडानं कसं सांगायचं?

गणूच्या आईच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. पण बघत नाही म्हणजे विसरली असं धरू नका.

---

तुळसमाळ_माळशिरस

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

आक्का, तुमचं नावडतं खरं आहे. थोडं खोटंही आहे. त्याच्या आईनं सांगावं असं वाटतं, हो. पण तिनं गावभर सांगितलं असतं तरी व्हॅन गेल्यावर पोटात तुटलंच असतं असं मला वाटतं, कारण ते पोर माझ्या हाताला लागलेलं होतं. हाताला लागलेलं सुटतं तेव्हा जे होतं त्याला अहंकार म्हणायचं का माया, ते मला अजून कळत नाही. दोन्ही एकाच भांड्यात कालवलेलं दिसतंय. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, पालखी पुढच्या मुक्कामाला गेली की रिंगणाच्या मैदानावर नुसते पायाचे ठसे आणि शेण उरतं, तू काय पालखीला थांब म्हणणार? म्हातारा सरळ कधी बोलत नाही.

चिऊ-काऊचं आजच करून बघितलं. आंघोळ, पावडर, तीट, काजळ, झबलं, टोपडं, सगळं सावकाश घातलं. काऊ बाहेर भिजत होता आणि पोरं गप्प. एकानं विचारलं, "काऊला पण टोपडं आहे?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, का विचारला होता आणि मी पुढं पळत होते, देव जाणे. नाही म्हणवेना, आहे म्हणवेना. मग सगळ्यांनी मिळून काऊला गोणपाटाचं टोपडं दिलं. खिचडीला उशीर झाला आणि मदतनीस ताई माझ्यावर फुगली.

नाना, हात मागे घ्यायचं तुम्ही बरोबर पकडलंत. मला भरवायला जमतं, सोडायला जमत नाही. ते बघते.

व्हॅनवाल्या ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुमच्या त्या ताईंना एकदा भेटाच. मुलगी गप्प बसते म्हणता, तर त्यांना उपाय माहीत असेल, बोलतं त्यांनीच केलंय ना तिला. आम्ही फीबद्दल विचारत नाही हो. आम्ही आधी वजन विचारतो. बाजारात गणूची आई दिसली तर आता मीच हाक मारणार आहे, आणि शाळेचं नाव काढणार नाही.

हिशेबी भाऊ, अंगणवाडीत नळ नाही हे खरं. पाईप आमच्या भिंतीपर्यंत आलाय आणि तिथंच थांबलाय. कुणाकडं जायचं?

आणि आक्का, एक राहिलं. नवीन एक पोरगी आलीय, साडेतीन वर्षांची, ती चावते. रागानं नाही, हसत हसत. दंडाला धरते आणि कचकन. तीन आया माझ्या दारात येऊन गेल्या. काय करू?

---

आक्का_भुदरगड

हसत चावणारी बोलत किती, ते आधी बघ. शब्द कमी असले की पोरं दातानं बोलतात. "ये, खेळू" म्हणायचं असतं, ते येत न्हाई, मग दंड धरते. आठवडाभर तिच्या हातभर अंतरावर बस. चावायच्या आधी ती काहीतरी करते, मान कलवते, जवळ सरकते, काहीतरी असतंच. ते ओळखलंस की मधे हात घाल आणि तिच्या वतीनं तूच बोल, "ह्याला म्हण, चल खेळू." ओरडू नको, आणि तिच्यासमोर आयांशी बोलू नको. आयांना संध्याकाळी घरी जाऊन भेट. हाक मारली की वळते का तेही बघ, मागनं हळू आवाजात. वळली न्हाई तर कान तपासायला आरोग्य पथकाच्या डॉक्टरांना दाखव, ते अंगणवाडीत तपासणीला येतात तेव्हा. उगाच चेटूक-बिटूक करत बसू देऊ नको घरच्यांना.

काऊच्या टोपड्याचं भारी झालं. मदतनीस बाईला पण गोष्टीत घे, तिला दार उघडायला लाव, म्हणजे फुगायची न्हाई.

नळाचं अर्ज कर. लेखी.

---

हिशेबी_माणूस

ग्रामपंचायतीला अर्ज, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) नावे, प्रत बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. पाईप भिंतीपर्यंत आलाय त्याचा फोटो जोडा. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका, शिक्का आणि तारीख दोन्ही. ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर चार आयांच्या सह्या जोडा, त्या चावलेल्या मुलांच्या आया तशाही तुमच्या दारात येतातच आहेत. अर्जाचा नमुना संध्याकाळी इथेच टाकतो.

बाकी, टोपड्याची गोष्ट मी आमच्या कार्यालयात सांगितली.